गरजेपुरती

"पहिली निवड, पुणे सह्याद्री," सूत्रसंचालक माइकवर म्हणाला आणि रुखसारनं माझा हात घट्ट धरला.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलचं सभागृह होतं. पुढे सहा टेबलं, सहा संघांची. मागे खुर्च्यांवर आम्ही मुली, देशभरातून बोलावलेल्या, सगळ्यांच्या अंगात आयोजकांनी दिलेले एकसारखे पांढरे टीशर्ट. महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचं ते दुसरं वर्ष. ड्राफ्टची पद्धत सोपी होती. नव्या मुलींमधून संघांनी आळीपाळीनं एकेक नाव घ्यायचं, आणि आदल्या वर्षी जो संघ तळाला राहिला त्यानं सगळ्यांत आधी घ्यायचं. तळाला पुणे सह्याद्री होता. म्हणजे सगळ्यांत चांगली मुलगी त्यांना मिळणार होती, आणि ती कोण, याबद्दल त्या सभागृहात कुणालाच शंका नव्हती.

रुखसार मुजावर. माझी मैत्रीण. कोल्हापुरात आमच्या घरांमध्ये दोन गल्ल्या होत्या आणि शाळा एकच. मुलींचा संघ नव्हता तेव्हापासून आम्ही दोघी गांधी मैदानाच्या कोपऱ्यात खेळायचो. ती मारायची, मी अडवायचे. तिच्या डाव्या पायाबद्दल मी काय सांगू? चेंडू तिच्या पायातून सुटायच्या आधी तो कुठं जाणार ते मला कळायचं, आणि तरीही तो जायचाच. राष्ट्रीय स्पर्धेत तिनं महाराष्ट्राला एकटीच्या जोरावर उपांत्य फेरीत नेलं होतं. मी त्याच संघाची गोलकीपर होते. बरी होते. ड्राफ्टला मला बोलावलं याचंच आमच्या घरात कौतुक झालं होतं.

पुण्याचे प्रशिक्षक केळुसकर सर उठले. उंच, शिडशिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माइक हातात घेतला.

"पद्मजा मंडलिक. गोलकीपर."

मागून कुणीतरी हसलं. रुखसारचा हात माझ्या हातातून निघून गेला.

"जा की," ती समोर बघत म्हणाली. "तुझंच नाव घेतलंय."

मी उठले, पायऱ्या चढले. स्टेजवर संघाचे मालक, निंबकर, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं उभे होते. नाव पुकारायचा अधिकार प्रशिक्षकांचा, आणि सरांनी त्यांना न विचारता तो वापरला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की त्यांच्या हातातली घडी घातलेली जर्सी ते मला द्यायला तयार नाहीत. फोटोवाले ओरडायला लागले तेव्हा त्यांनी ती उघडून माझ्यासमोर धरली आणि दात विचकून हसत माझ्या कानाशी म्हणाले, "मागची बाजू दाखवू नकोस."

मागच्या बाजूवर दहा नंबर होता आणि 'रुखसार' असं छापलेलं होतं.

तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. मी जर्सी छातीशी घट्ट दाबून धरली आहे. खाली कुणीतरी लिहिलं होतं, आनंदानं भारावलेली पद्मजा.

दुसरी निवड गोव्याच्या मांडवी वॉरियर्सची होती. त्यांनी रुखसारचं नाव घेतलं आणि सभागृह उठून उभं राहिलं. मांडवीकडे आधीच भारतीय संघातल्या दोन आघाडीच्या खेळाडू होत्या. कुणीतरी त्यांच्या व्यवस्थापकाला विचारलं, तिसरी कुठं खेळवणार? तो हसून म्हणाला, "गरजेचं नंतर बघू. अशी पोरगी समोर असताना सोडतं कोण?" त्यावर पुन्हा टाळ्या पडल्या.

मग पत्रकार केळुसकर सरांकडे वळले. सर शांत होते. त्यांनी सांगितलं, की संघाची गोलकीपर अनिता लिंबू हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती या मोसमात खेळणार नाही, आणि दुसरी गोलकीपर संघात नाही. "घराला आधी दार लागतं," ते म्हणाले, "झुंबर नंतर टांगता येतं." मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मला बरं वाटायला हवं होतं बहुतेक.

पत्रकार गेल्यावर निंबकरांनी आवाज चढवला. दार बघायला कुणी तिकीट काढत नाही, म्हणाले. सरांनी त्यांना थांबवलं नाही. मी तिथं आहे हे दोघांनाही दिसत होतं. एखादं कपाट चुकीचं आलंय, परत पाठवायचं की ठेवायचं, यावर दोघं बोलत असावेत तसं ते माझ्यासमोर बोलत होते. माझ्या रागाची सुरुवात तिथून झाली. पण त्या दिवशीचा खरा घाव अजून बाकी होता.

हॉटेलच्या फाटकाबाहेर रुखसार बॅग घेऊन उभी होती. मी तिच्याजवळ गेले. तीच आधी बोलली.

"सकाळी तुझे पप्पा त्या केळुसकरांबरोबर काय बोलत होते?"

पप्पा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होते. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून गोलकीपर खेळलेले. केळुसकर सर तेव्हा मुंबईच्या एका संघातून कोल्हापूरच्या स्पर्धेला आले होते आणि पप्पांनी त्यांची पेनल्टी अडवली होती. सकाळी पप्पा नुसते ओळख द्यायला गेले होते. मी तिला तसंच सांगितलं.

"व्हय," ती म्हणाली. "ओळख द्यायला."

"रुखसार, मी काय मागायला गेलो नव्हतो."

"तू कशाला जातीस? पप्पा गेले की."

कोल्हापुरात आम्ही मुली 'गेलो', 'आलो' असंच बोलतो. पुण्यात त्यावर सगळे हसायचे. त्या दिवशी त्या फाटकाशी आम्ही दोघी तसंच बोलत होतो आणि हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती रिक्षात बसून गेली.

वशिल्यानं घेतली. ही गोष्ट आमच्या आधी कोल्हापुरात पोचली. पप्पांना चहाच्या टपरीवर लोक विचारायला लागले. ते मला फोनवर म्हणाले, "बाळ, मी तुझं नावसुद्धा काढलं नाही गं." माझ्या आयुष्यात मी त्यांना खाली बघून बोलताना पाहिलं नव्हतं, पण फोनवर त्यांचा आवाज खाली बघत होता. त्या रात्रीपासून मी केळुसकरांवर, निंबकरांवर, रुखसारवर, सगळ्यांवर एकदम चिडलेली होते.

तो राग घेऊन मी खेळले.

पहिल्याच सामन्यात आमच्याच मैदानावर, आमच्याच प्रेक्षकांनी ओरडायला सुरुवात केली. "रुखसार कुठाय? रुखसार कुठाय?" मी चेंडू हातात घेतला की ते जास्तच जोरात. त्या सामन्यात मी कायकाय अडवलं ते मला आठवत नाही. एकदा खांबावर खांदा आपटला तेवढं आठवतं. आम्ही एक गोल केला, त्यांना करू दिला नाही. नंतरच्या सामन्यातही तसंच. आमचा संघ काही सुंदर खेळणारा नव्हता. कसाबसा एखादा गोल व्हायचा, आणि मग उरलेला वेळ सगळ्याजणी माझ्यासमोर भिंत करून उभ्या राहायच्या, आणि भिंतीतून जे सुटेल ते माझं. आदल्या वर्षी तळाला असलेला संघ बघता बघता वर सरकायला लागला. प्रेक्षकांचं ओरडणं बंद झालं. माझं नाव घ्यायला मात्र कुणी सुरुवात केली नाही. पेपरात यायचं, 'केळुसकरांचा डाव यशस्वी.'

सर माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत. सरावाला माझ्याकडे लक्ष द्यायची अनिता. काठी टेकत यायची, गोलमागे खुर्ची टाकून बसायची आणि तिथून सांगायची. दार्जिलिंगची मुलगी, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, भारताकडून खेळलेली. तिचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही तोडकंमोडकं. तिनं मला कोपऱ्यावरून येणारा चेंडू मुठीनं मारायला शिकवला. माझी जागा घेतलीस असं कधी तिच्या नजरेतसुद्धा आलं नाही. एकदा ती म्हणाली, बाहेर बसल्यावर कळतं, गोल किती मोठा असतो ते.

मडगावला मांडवीविरुद्ध सामना झाला. रुखसार पूर्ण वेळ बाकावर होती. आधीचे सामनेही ती बाकावरच होती, हे मी रोज पेपरात वाचत होते, तरी समोर बघणं वेगळं. मांडवीच्या त्या दोन आघाडीच्या खेळाडू माझ्या हातात चेंडू मारत राहिल्या आणि रुखसार राखीव खेळाडूंचं हिरवं जाळीदार बनियन घालून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून बसली होती. सामना बरोबरीत सुटला.

कपडे बदलायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात ती भेटली. मी थांबले. मला खरंच तिला विचारायचं होतं, तुला का बसवतात?

"बघ बाई," ती म्हणाली. "तू उभी आणि मी बसलेली. पप्पांना सांग, बरं केलं म्हणावं."

मी तिची कॉलर धरली. आमच्या संघातल्या दोघींनी मला मागे ओढलं. शाळेतल्या पोरींसारखी झोंबाझोंबी, दोन्ही संघांच्या देखत. ती रडत होती की चिडली होती, मला त्या अंधाऱ्या बोळात दिसलं नाही. मी बसमध्ये येऊन बसले तेव्हा माझ्या बोटात तिच्या बनियनचा धागा अडकलेला होता, तो मी खिडकीतून फेकून दिला.

मोसमाच्या शेवटी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर मांडवी. सामना पुण्यात, दुपारी. शहरात पोस्टर लागली. सरावाला जाताना बसमधून पहिलं पोस्टर दिसलं. पोस्टरवर अनिता होती. आडवी झेपावलेली, भारताच्या निळ्या जर्सीत, जुना फोटो. खाली 'ती परत येतेय.'

अनिता माझ्या शेजारच्या सीटवर होती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि मग आपल्या गुडघ्याकडे. दोन आठवड्यांपासून ती थोडं पळायला लागली होती, एवढंच.

सरावानंतर सरांनी मला मैदानावरच थांबवलं. बाकीच्या गेल्या. ते चेंडू जाळीत भरत भरत बोलले, माझ्याकडे न बघता.

"उद्या अनिता गोलात असेल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सर?"

"डॉक्टरांनी परवानगी दिली आहे."

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. उत्तम खेळलीस. संघाला गरज होती तेव्हा तू होतीस, हे मी विसरणार नाही."

"मग उद्या गरज नाही?"

"उद्या अंतिम सामना आहे, पद्मजा. असल्या सामन्यात गुणवत्ता उभी करायची असते. ती भारताची गोलकीपर आहे."

मी त्यांच्या हातातली जाळी धरली. त्यांना माझ्याकडे बघावंच लागलं.

"सर, ड्राफ्टच्या दिवशी गुणवत्ता समोर बसलेली होती. माझ्या शेजारी. तेव्हा तुम्ही म्हणाला, गरज बघायची. तिला सोडलं आणि मला उचललं. सगळं वर्षभर लोक मला त्यावरून बोलले, माझ्या पप्पांना बोलले. मी म्हटलं, असू दे. गरज तर गरज. आता गरज मी भागवली, तर तुम्हाला गुणवत्ता आठवली?"

"दोन्ही वेळेला मी संघाचाच विचार केला."

"संघाचा! मग मी कोण आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जाळी माझ्या हातातून सोडवली आणि खांद्यावर टाकून निघून गेले.

मी तशीच गोलात जाऊन बसले. रडू आलं नाही. निघून जावं, उद्या यायचंच नाही, असं एकदा वाटलं. पण पप्पा कोल्हापूरहून सामना बघायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी स्टेडियम भरलं होतं. मी बाकावर. मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे मांडवीचा बाक, आणि त्याच्या टोकाला रुखसार. पूर्वार्धात काहीच घडलं नाही. दोन्ही संघ घाबरून खेळत होते. अनिताकडे दोनच चेंडू आले, दोन्ही तिनं उभ्याउभ्या धरले. तिनं एकदाही झेप घेतली नाही, हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या आलं असेल असं वाटत नाही.

मध्यंतर झालं. खेळणाऱ्या मुली आत गेल्या. अशा वेळी राखीव खेळाडू मैदानावर येऊन अंग मोकळं करतात, आपापल्या बाजूला, थोडे चेंडू इकडेतिकडे. मी हातमोजे चढवले आणि सवयीनं गोलात जाऊन उभी राहिले. आमच्या दोन राखीव मुली माझ्याकडे हळूहळू चेंडू मारत होत्या.

तेव्हा मला दिसलं, की रुखसार त्यांच्या बाजूनं चालत येतेय. काखेत चेंडू. मधली रेषा ओलांडली. आमच्या मुली बाजूला झाल्या. ती पेनल्टीच्या रेषेच्या बाहेर थांबली, चेंडू खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी खेळणार नाही आज," ती म्हणाली. "तू पण नाहीस म्हणं."

"नाही."

"का?"

"माझी गरज संपली."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग दोन पावलं मागे सरकली.

"उभी राहा नीट," ती म्हणाली.

पहिला फटका उजव्या कोपऱ्यात वर. मी उडी मारली, बोटं लागली, चेंडू बाहेर. दुसरा चेंडू आमच्या मुलीनं तिच्याकडे ढकलला. तो खाली, खांबाजवळून आत गेला. तिसरा मी धरला. वर्षभर ज्या पायाला चेंडू लागू दिला नव्हता तो पाय आता सुटला होता. ती चिडून मारत होती. मी चिडून अडवत होते. एक माझ्या छातीवर इतका जोरात बसला की श्वास थांबला, आणि मी तो तिच्याकडे परत फेकला. "आणखी मार," मी म्हणाले. तिनं मारला. आमच्या आणि त्यांच्या राखीव मुली गोळा झाल्या आणि चेंडू आणून द्यायला लागल्या. गोलमागच्या प्रेक्षकांना आधी कळेना. मग त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मग पलीकडच्या बाजूचे लोक उभे राहिले. वडापाव, कोल्ड्रिंक घ्यायला गेलेले परत जिन्यात येऊन थांबले. प्रत्येक फटक्याला आवाज उठत होता, गोल झाला तरी आणि अडवला तरी. त्या मोसमात, त्या मैदानावर, कुणीतरी पहिल्यांदा माझं नाव घेऊन ओरडलं. नंतर पप्पा म्हणाले तो मी नव्हतो, माझा तर आवाजच फुटत नव्हता.

लाउडस्पीकरवरून सांगायला लागले की राखीव खेळाडूंनी मैदान सोडावं. रुखसारनं ऐकलंच नाही. मीही नाही. दोन्ही संघ बाहेर आले आणि रेषेवर उभे राहिले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून केळुसकर सरांना पाहिलं. ते हातवारे करत होते. पंच धावत आले आणि दोघींना पिवळं कार्ड दाखवून म्हणाले, बाहेर व्हा.

"अजून एक," रुखसार म्हणाली.

"घे," मी म्हणाले.

पंचांच्या खांद्यावरून तिनं तो मारला. वळत वळत आला, आणि या वेळी तो सुटायच्या आधीच मला कळलं, आणि मी तिथं होते. मी तो दोन्ही हातांनी धरून जमिनीवर पडले. उठले तेव्हा पंचांच्या हातात लाल कार्ड होतं. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे.

सामन्यात एक मिनिटही न खेळता बाहेर काढलेल्या आम्ही दोघी. ती माझ्यासमोर आली, घामानं निथळत.

"पप्पा आलेत तुझे?" तिनं विचारलं.

"तिकडं बसलेत."

"त्यांच्या पाया पडायचं आहे मला," ती म्हणाली आणि तेव्हा रडली.

लाल कार्ड मिळालेल्यानं मैदानाच्या आसपास थांबायचं नसतं. आम्ही आतल्या खोलीत बसलो होतो. तिनं मला सगळं सांगितलं. दर सामन्याआधी मांडवीवाले म्हणायचे, आज बघू. नंतर म्हणायचे, तू आमचं भविष्य आहेस, थांब. तिनं एकदा व्यवस्थापकाला विचारलं, मला खेळवायचं नव्हतं तर घेतलं कशाला? तो म्हणाला, पुण्याकडे गेली असतीस तर आमच्याविरुद्ध गोल केले असतेस.

एवढ्यात बाहेरचा गोंगाट एकदम बंद झाला. स्टेडियम गप्प होतं तेव्हा काहीतरी वाईट झालेलं असतं. मग आमचा व्यवस्थापक धावत खोलीत आला. चेहरा उतरलेला. अनिता पडली होती. एका उंच चेंडूसाठी तिनं झेप घेतली, ती खाली आली ती उठलीच नाही. स्ट्रेचर आलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला काही करता येईल का? पंचांना विनंती करून?" त्यालाही माहीत होतं की येत नाही. लाल कार्ड म्हणजे लाल कार्ड. बाकावर दुसरी गोलकीपर नव्हती. आमच्या एका बचावपटूनं अनिताचे हातमोजे घातले. मांडवीनं त्या मुलीवर तीन गोल केले.

मला आनंद झाला नाही. कुणाला वाटत असेल तर सांगते. मी स्ट्रेचरच्या मागे धावले.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी अनिता जागी होती. रुखसार आणि मी पलंगाच्या दोन बाजूंना. मी तिची माफी मागायला लागले, की मी बाकावर असते तर तुला आधीच बाहेर काढलं असतं त्यांनी. तिनं मान हलवली. मग हळूहळू, थांबत, हिंदीत सांगितलं. गुडघा तयार नव्हता. तिनं सरांना तीन दिवस आधीच सांगितलं होतं. पद्मजाला खेळवा, तिच्याहून चांगली तुमच्याकडे आज कुणी नाही, असंही. सर म्हणाले होते, पोस्टर छापून झाली आहेत. सामन्याआधी तिला इंजेक्शन दिलं होतं.

"गुणवत्ता म्हणाले मला," मी म्हणाले.

अनिता हसली. "मला म्हणाले, संघाला तुझी गरज आहे."

केळुसकर सर तासाभरानं आले. मी कॉरिडॉरमध्ये त्यांना अडवलं. विचारलं, तिनं सांगितलं होतं की नाही? ते भिंतीला टेकले. म्हणाले, ड्राफ्टच्या दिवशी मी मालकांच्या विरुद्ध गेलो, दुसऱ्यांदा गेलो असतो तर मला काढलं असतं. मला वाटलं होतं ती निभावून नेईल. मग म्हणाले, पुढच्या वर्षी तूच पहिली, मी शब्द देतो.

"तुमच्या संघात मी परत येणार नाही," मी म्हणाले. "आणि आत जाऊ नका. ती झोपली आहे."

ती झोपलेली नव्हती. ते फुलं माझ्याकडे देऊन गेले.

लीग आणखी एक वर्ष चालली आणि बंद पडली. रुखसार एका सरकारी खात्याच्या संघातून खेळली, भारताकडूनही काही सामने खेळली, आता नोकरी करते. मी कोल्हापुरात मुलींना शिकवते. अनिताची त्यानंतर दोन ऑपरेशनं झाली. ती परत कधी खेळली नाही. दार्जिलिंगला तिचं छोटं दुकान आहे, आणि डोंगरातलं गाव असल्यामुळे दुकानापर्यंतच्या पायऱ्या तिला बसून उतराव्या लागतात. हे मी स्वतः बघून आले.

गेल्या वर्षी एका वाहिनीवर संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम लागला होता. पुरुषांच्या कुठल्याशा नव्या लीगचा ड्राफ्ट होता आणि चर्चा चालली होती, संघानं गरज बघून निवडावं की गुणवत्ता बघून? तज्ज्ञ म्हणून केळुसकर सर. केस पांढरे झालेत, चष्मा अजून कपाळावर. ते सांगत होते, की त्यांनी एकदा सगळ्यांचा विरोध पत्करून एक गोलकीपर निवडली आणि तळातला संघ अंतिम सामन्यात नेला. "कोल्हापूरची मुलगी होती," ते म्हणाले, "नाव आता पटकन आठवत नाही."

प्रेक्षकांनी प्रश्न विचारण्यासाठी खाली नंबर दाखवत होते. मी लावला. दोनदा लागला नाही, मग लागला.

"आपलं नाव?" सूत्रसंचालकानं विचारलं.

"पद्मजा मंडलिक. कोल्हापूर."

पडद्यावर सरांनी चष्मा खाली ओढला. सूत्रसंचालकाला काही कळलं नव्हतं. तो हसून म्हणाला, "बोला पद्मजाताई, काय प्रश्न आहे सरांना?"

"एकच," मी म्हणाले. "अनिता लिंबूचा गुडघा कसा आहे, हे सरांनी नंतर कधी विचारलं का?"

सरांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. सूत्रसंचालकानं एकदा त्यांच्याकडे, एकदा समोरच्या कागदाकडे पाहिलं, आणि घाईघाईनं ब्रेक घेतला. मी फोन कानाला लावून टीव्हीसमोर उभी राहिले.

जाहिराती संपल्यावर त्यांनी क्रिकेटचा विषय काढला.